टीबीच्या साखळीचा माग: स्पोलिगो, मिरू, टार्गेटेड की पूर्ण जीनोम?

टीबीचा जंतू बदलण्याच्या बाबतीत कमालीचा आळशी आहे. त्याच्या जीनोममध्ये, म्हणजे डीएनएच्या संपूर्ण मजकुरात, ४४ लाखांहून थोडी जास्त अक्षरं. प्रमाण मानल्या जाणाऱ्या एच३७आरव्ही या स्ट्रेनमध्ये (जंतूच्या वाणात) नेमकी ४४,११,५३२. त्यातलं वर्षाकाठी सरासरी अर्धं अक्षर बदलतं, म्हणजे दोन वर्षांत एक. कोविडचा विषाणू महिन्याला साधारण दोन बदल करायचा. टीबीच्या जंतूला तेवढ्यासाठी चार वर्षं लागतात.

प्रसाराचा माग काढायची पद्धत निवडताना हा वेग डोक्यात पक्का ठेवावा लागतो. स्पोलिगो आणि मिरू या जीनोममधल्या ठरावीक जागाच तपासणाऱ्या जुन्या पद्धती; पूर्ण जीनोम म्हणजे जवळपास सगळंच वाचणं. 'या दोन रुग्णांचे जंतू सारखे आहेत' असं स्पोलिगो म्हणतं, मिरूही म्हणतं आणि पूर्ण जीनोमही म्हणतो. पण स्पोलिगोच्या तोंडी 'सारखे' म्हणजे शेदोनशे वर्षांपूर्वीचा पूर्वज एक असू शकतो. मिरूच्या तोंडी बऱ्याचदा काही दशकांपूर्वीचा. पूर्ण जीनोममध्ये शून्य-एक अक्षराचा फरक असेल तर गोष्ट गेल्या काही वर्षांतली. तेव्हा कोणती पद्धत आधुनिक, हा वाद बाजूला ठेवा. तुमचा प्रश्न किती वर्षांच्या आतला आहे, ते आधी ठरवा.

आधी प्रश्न, मग मशीन

एखाद्या प्रदेशात कोणते वंश फिरतात, पूर्व आशियातला बीजिंग घराण्याचा वाटा किती, हिंदी महासागराच्या काठच्या वंश १ चा किती, एवढंच हवं असेल तर प्रत्येक नमुन्याचा पूर्ण जीनोम काढणं म्हणजे डास मारायला तोफ. एखाद्या वसतिगृहात किंवा तुरुंगात सहा महिन्यांत आठ रुग्ण सापडले आणि ते एकमेकांकडून आले की बाहेरून वेगवेगळे आले हे ठरवायचं असेल, तर पूर्ण जीनोमशिवाय गत्यंतर नाही. 'आमच्याकडच्या रुग्णांपैकी किती जणांना आजार अलीकडच्या संसर्गातून झाला आणि किती जणांमध्ये जुना सुप्त संसर्ग जागा झाला?' हा तिसरा प्रश्न. त्यालाही पूर्ण जीनोमच लागतो, पण तिथे मशीनपेक्षा नमुने किती टक्के गोळा झाले याला जास्त किंमत आहे. आणि रुग्णाला कोणतं औषध लागू पडेल हे लवकर कळायला हवं असेल, तर तो उपचाराचा प्रश्न आहे, प्रसाराचा नाही. त्याची पद्धत वेगळी. या दोघांची गल्लत सर्रास होते आणि मग एका कामासाठी घेतलेला किट दुसऱ्या कामाला जुंपला जातो.

| पद्धत | काय बघते | सुरुवात कशापासून | 'सारखे' म्हणजे |
|---|---|---|---|
| स्पोलिगोटायपिंग | एकाच पट्ट्यातले ४३ स्पेसर (ठरावीक छोटे तुकडे) | थोडा, अशुद्ध डीएनएही चालतो | एकाच घराण्यातले |
| मिरू-व्हीएनटीआर | २४ ठिकाणी एकच तुकडा किती वेळा येतो | थोडा डीएनए | काही दशकांच्या आतले असू शकतात |
| टार्गेटेड सिक्वेन्सिंग | औषधांशी संबंधित मोजकी जनुकं | थेट थुंकी | प्रसाराबद्दल जवळपास काहीच नाही |
| पूर्ण जीनोम, शॉर्ट रीड (छोट्या तुकड्यांत वाचून) | जीनोमचा सुमारे ९० टक्के भाग | कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेले जंतू) | काही वर्षांच्या आतले |
| पूर्ण जीनोम, नॅनोपोअर (लांब तुकड्यांत वाचून) | पुनरावृत्तीचे भागही | कल्चर, जास्त आणि लांब डीएनए | काही वर्षांच्या आतले |

जुन्या तिघी

१९९३ मध्ये प्रमाणित झालेली आयएस६११० आरएफएलपी (आयएस६११० हा तुकडा जीनोममध्ये किती ठिकाणी आणि कुठे आहे ते बघणारी पद्धत) आता नव्याने कोणी सुरू करू नये. पीव्हीयू-२ एन्झाइमने कापायला दोनेक मायक्रोग्रॅम शुद्ध डीएनए लागतो, म्हणजे कल्चर भरघोस वाढेपर्यंत थांबा. त्यातही ज्या स्ट्रेनमध्ये आयएस६११० च्या प्रती सहापेक्षा कमी, तिथे ती दोघांत फरकच करू शकत नाही. वंश १ मध्ये अशा एक-दोन प्रतींच्या किंवा एकही प्रत नसलेल्या स्ट्रेन भरपूर असतात.

स्पोलिगो स्वस्त आणि सोशीक आहे. उष्णतेने मारलेल्या कल्चरच्या कच्च्या अर्कावरही चालते आणि ४३ स्पेसर आहेत-नाहीत यावरून १५ अंकी कोड देते. बीजिंग घराण्यात पहिले ३४ स्पेसर गायब, शेवटचे ९ शाबूत, कोड ०००००००००००३७७१. तो एकदा पाठ झाला की यादीत लगेच डोळ्यात भरतो, आणि अडचणही तिथेच आहे. जिथे निम्मे रुग्ण बीजिंगचे, तिथे निम्म्या यादीत हाच कोड. घराणं कळतं, शेजारी कळत नाही. शिवाय हे स्पेसर गळतात, परत येत नाहीत, आणि दोन वेगळ्या घराण्यांत एकच स्पेसर स्वतंत्रपणे गळू शकतो. त्यामुळे एकसारखा छाप म्हणजे नातं, असंही नेहमी नसतं.

मिरूबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण अनेक ठिकाणी यंत्रणा अजून तिच्यावर चालते आणि 'आहे ते का मोडायचं' हा प्रश्न रास्त आहे. २००६ मध्ये २४ जागांचा संच ठरला. प्रत्येक जागेवरची पुनरावृत्ती किती वेळा, ते पीसीआर करून तुकड्याच्या लांबीवरून मोजायचं. हाती २४ अंकांची ओळ येते. तुकडा मोठा असेल तर लांबी मोजणाऱ्या कॅपिलरी यंत्रावर तो अपेक्षित जागेपासून सरकतो आणि ९ चा १० होतो. एक अंक बदलला की रुग्ण क्लस्टरबाहेर, म्हणजे सारख्या छापाच्या रुग्णांच्या गटाबाहेर. बीजिंग घराण्यात २४ जागाही पुऱ्या पडत नाहीत. ३२३२, ३८२० आणि ४१२० या अतिचंचल जागा वरून जोडाव्या लागतात, आणि नेमक्या याच जागा पीसीआरमध्ये सर्वांत जास्त त्रास देतात.

मिरू कुठे कमी पडते हे २०११ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात स्पष्ट दिसलं. एका साथीतल्या सगळ्या रुग्णांचा मिरू छाप एकच होता. पूर्ण जीनोम काढल्यावर त्यातून दोन वेगळे वंश बाहेर पडले, म्हणजे एक साथ समजून शोधत होते त्या प्रत्यक्षात एकाच वेळी चाललेल्या दोन साखळ्या होत्या. पुढे इंग्लंडने देशपातळीवर मिरू बाजूला ठेवून पूर्ण जीनोम स्वीकारला.

मिरू चालू असेल तर ती एका दिवसात बंद करू नका. शॉर्ट रीडच्या डेटातून स्पोलिगो छाप संगणकावर काढता येतो, त्यामुळे स्पोलिगोचा जुना संग्रह नव्याशी जोडला जातो. मिरूचं तसं नाही. पुनरावृत्तीची रांग बहुतेकदा १५० अक्षरांच्या रीडपेक्षा लांब असते, म्हणून शॉर्ट रीडमधून मिरूचा अंक भरवशाने निघत नाही. लाँग रीडमधून निघतो. संक्रमणाच्या काळात सहा महिने ते वर्षभर दोन्ही पद्धती समांतर चालवा, नाहीतर जुन्या क्लस्टरमधला नवा रुग्ण ओळखताच येणार नाही. पण आज कोऱ्या पाटीवर सुरुवात करत असाल तर मिरूच्या वाटेला जाऊ नका.

थेट थुंकीतून की कल्चरमधून?

थुंकीतून थेट सिक्वेन्सिंगचा मोह पडणं साहजिक आहे. एमजीआयटीच्या द्रव माध्यमात वाढ दिसायला एक ते तीन आठवडे लागतात, एलजे या घट्ट माध्यमावर तीन ते आठ. थेट केलं तर हा सगळा वेळ वाचेल, असं वाटतं. पण थुंकीच्या नमुन्यातला बहुतेक डीएनए माणसाचा, उरलेला बराचसा तोंडातल्या जिवाणूंचा, आणि टीबीचा वाटा नगण्य. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायलाच मिलिलिटरमागे पाचेक हजार लागतात. कल्चरला त्याच्या शंभराव्या हिश्श्यातूनही वाढ मिळते.

टार्गेटेड सिक्वेन्सिंग यावर तोडगा काढतं: आधी पीसीआरने ठरावीक जनुकं वाढवायची, मग तीच वाचायची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये औषधप्रतिरोधाच्या निदानासाठी या प्रकारातल्या तीन चाचण्यांची शिफारस केली: डीप्लेक्स मिक-टीबी, अँपोअर-टीबी आणि टीबीसेक. त्या कामासाठी त्या उत्तम आहेत. पण ४४ लाखांपैकी काही हजार अक्षरं वाचून वर्षाला अर्ध्या अक्षराचा बदल हुडकायचा म्हणजे गंजीतली सुई मूठभर गवतात शोधण्यासारखं. त्यात ही जनुकं औषधांच्या माऱ्याखाली बदलतात. आरपीओबी जनुकातला ४५० व्या जागेचा सेरिन-ते-ल्युसिन बदल जगभरातल्या हजारो रुग्णांमध्ये स्वतंत्रपणे झालेला आहे. दोन रुग्णांत तो सापडला म्हणून एकाने दुसऱ्याला दिला असं होत नाही.

आमिष वापरून टीबीचाच डीएनए ओढून घ्यायची कॅप्चर पद्धत पूर्ण जीनोम देऊ शकते, पण जंतू भरपूर असलेल्या नमुन्यांपुरतीच. खर्च चढतो, आणि कमी जंतूंच्या रुग्णांमध्ये ती अर्धवट जीनोम देऊन थांबते. प्रसाराच्या अभ्यासात असे रुग्ण गळाले की साखळीच्या मधल्या कड्या गळतात. त्यामुळे उपचारासाठी थुंकीतून टार्गेटेड आणि प्रसारासाठी कल्चरमधून पूर्ण जीनोम, अशी विभागणी सध्या तरी सर्वांत समंजस वाटते.

कल्चरमधून काम करताना एक बारकावा. सुंदर, एकटी वसाहत निवडून ती वाढवायची सवय इथे मोडा. रुग्णाच्या फुप्फुसात थोडं वैविध्य असतं. एक वसाहत उचलली की त्यातला एकच धागा हाती येतो. नळीतल्या माध्यमाच्या पूर्ण तिरक्या पृष्ठभागावर लूप (तारेचा फास) फिरवून सगळं घ्या, आणि पुन्हापुन्हा सबकल्चर करू नका.

डीएनए काढताना

टीबीच्या पेशीभित्तीत मायकोलिक आम्लाचा मेणासारखा थर असतो. साध्या जिवाणूंसाठीचा कॉलम किट त्यावर चालवला तर हाती येतं ते सिक्वेन्सिंगला पुरत नाही. सीटॅब या डिटर्जंटची पद्धत जुनी असली तरी अजून तिला तोड नाही.

एलजे वरून लूपभर वाढ ४०० मायक्रोलिटर टीई बफरमध्ये. आधी उष्णतेने मारायचं. जुन्या नियमावलीत ८० अंशांना २० मिनिटं असतात, पण त्यातून जिवंत जंतू उरल्याच्या नोंदी आहेत. ९५ अंशांना ३० मिनिटं जास्त सुरक्षित. नळी पाण्यात अशी बुडवा की आतल्या द्रवाची पातळी पाण्याखाली राहील. वरचा भाग थंड राहिला तर झाकणाला चिकटलेले जंतू मरत नाहीत. पद्धत नवी बसवताना मारलेला नमुना पुन्हा कल्चरला लावून सहा आठवडे काही उगवत नाही याची खात्री करा. त्याशिवाय नळी बीएसएल-३ मधून, म्हणजे कडक जैवसुरक्षेच्या प्रयोगशाळेतून, बाहेर काढू नका.

मग लायसोझाइम, १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, ५० मायक्रोलिटर. ३७ अंशांना रात्रभर. सकाळी १० टक्के एसडीएस ७० मायक्रोलिटर आणि प्रोटिनेज-के, ६५ अंशांना १० मिनिटं. नंतर ५ मोलर मीठ १०० मायक्रोलिटर, आणि मीठ मिसळल्यावरच ६५ अंशांवर तापवलेलं सीटॅब १०० मायक्रोलिटर. हा क्रम उलटा झाला तर मीठ कमी असल्याने सीटॅब डीएनएलाच घेऊन खाली बसतो आणि रात्रभराची मेहनत क्लोरोफॉर्मच्या टप्प्यावर वाया जाते. ६५ अंशांना आणखी १० मिनिटं, मग क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल २४:१, ७५० मायक्रोलिटर. फिरवल्यावर मध्ये पांढरी साय धरते. वरचा थर घेताना पिपेटचं टोक त्या सायीपासून दोनतीन मिलिमीटर वर ठेवा. शेवटच्या ५० मायक्रोलिटरचा लोभ धरला तर साय ओढली जाते आणि तिच्यातलं सीटॅब पुढे लायब्ररी (मशीनसाठी तयार केलेला डीएनए तुकड्यांचा संच) बनवणाऱ्या एन्झाइमला मारतं. वरच्या थरात ०.६ पट आयसोप्रोपेनॉल घालून नळी हलकेच उलटीसुलटी केली की डीएनए चांगला असेल तर कापसाच्या तंतूसारखा लोंबताना दिसतो. दिसला नाही तरी फेकू नका; शॉर्ट रीडला नॅनोग्रॅममध्ये पुरतं.

मोजताना नॅनोड्रॉप या यंत्रावर विसंबू नका. तो आरएनए आणि सुटे तुकडेही मोजतो, त्यामुळे ५० म्हणून दाखवलेला नमुना क्युबिटवर, म्हणजे फक्त डीएनए मोजणाऱ्या यंत्रावर, ६ निघतो. नेक्सटेरा एक्सटीसारख्या किटला १ नॅनोग्रॅम डीएनए लागतो आणि तुकड्यांची लांबी डीएनए आणि एन्झाइम यांच्या प्रमाणावर ठरते. डीएनए प्रत्यक्षात कमी असेल तर तुकडे फार लहान होतात, जास्त असेल तर फार मोठे. दोन्हीकडे लायब्ररी बिघडते, आणि हे मशीन चालून गेल्यावर कळतं.

शॉर्ट रीड की नॅनोपोअर?

शॉर्ट रीडची बाजू साधी आहे. चुकांचं प्रमाण कमी, बहुतेक चाचपलेली साधनं याच डेटावर घडलेली, आणि जुने सार्वजनिक जीनोमही बहुतांश याच प्रकारचे. १५० अक्षरांची दुहेरी रीड टीबीसाठी पुरेशी. सरासरी डेप्थ, म्हणजे प्रत्येक अक्षर किती वेळा वाचलं गेलं तो आकडा, किमान ३०, पण ठरवताना ८० धरा. २४ नमुने × ८० × ४४ लाख म्हणजे सुमारे ८.४ अब्ज अक्षरं. हा हिशेब मशीनच्या क्षमतेशी ताडून मगच एका खेपेत किती नमुने घालायचे ते ठरवा, आणि २० टक्के हात राखून ठेवा, कारण एखादा कल्चर दूषित निघतोच. टीबीच्या जीनोममध्ये जी आणि सी ही अक्षरं मिळून ६५.६ टक्के, काही किट अशा भागांत रीड पातळ देतात. सरासरी ६० असूनही काही जनुकांवर ५ दिसली तर दोष बहुधा लायब्ररीच्या पीसीआरमध्ये असतो.

एक बाजू मात्र लंगडी. पीई-पीपीई नावाच्या जनुककुटुंबांनी जीनोमच्या सांकेतिक भागाचा सुमारे दहावा हिस्सा व्यापलाय, आणि त्यात एकसारखे तुकडे पुन्हापुन्हा येतात. छोटी रीड तिथे नेमकी कुठली हे संगणकाला कळत नाही. म्हणून हे भाग झाकून ठेवतात, मास्क करतात, आणि उरलेल्या ९० टक्क्यांवर तुलना होते.

नॅनोपोअरची लांब रीड या भागांतूनही आरपार जाते, उपकरण लहान आहे, भांडवल कमी लागतं आणि डेटा येताना बघता येतो. जुन्या फ्लोसेलच्या (जिच्यात वाचन होतं त्या चकतीच्या) मानाने आर१०.४.१ या आवृत्तीत चुका बऱ्याच घटल्या. २०२३ मध्ये मादागास्कर, दक्षिण आफ्रिका आणि इंग्लंडमधल्या नमुन्यांवर झालेल्या तुलनेत, गाळण्या नीट लावल्यावर नॅनोपोअरचे क्लस्टर शॉर्ट रीडच्या क्लस्टरशी चांगले जुळले. यातले 'गाळण्या नीट लावल्यावर' हे शब्द वगळून वाचू नका. नॅनोपोअरच्या चुका विखुरलेल्या नसतात. एकाच अक्षराच्या लांब रांगा आणि मिथाइल गट बसलेल्या जागा इथे त्या ठरून होतात. ठरून होणारी चूक डेप्थ वाढवून जात नाही.

लपलेले खर्च दोन. बेसकॉलिंगच्या, म्हणजे मशीनच्या सिग्नलचं अक्षरांत रूपांतर करण्याच्या, सर्वांत अचूक पातळीसाठी जीपीयू असलेला संगणक लागतो. आणि बेसकॉलिंगची आवृत्ती बदलली की त्याच नमुन्याची काही अक्षरं बदलतात, म्हणून तीन वर्षांच्या अभ्यासात मूळ सिग्नलच्या फाइल जपून ठेवून शेवटी सगळं एकाच आवृत्तीने पुन्हा वाचावं लागतं. त्या फाइल अवजड असतात, साठवणीचा हिशेब आधीच करा. अर्धे नमुने शॉर्ट रीडवर आणि अर्धे नॅनोपोअरवर अशी खिचडी शक्यतो टाळा. टाळता आली नाही तर आठ-दहा नमुने दोन्हीकडे वाचून तंत्राने निर्माण केलेला फरक किती ते आधी मोजा. शून्याऐवजी तीन येत असेल तर पाच फरकांच्या उंबरठ्यावर (त्याबद्दल पुढे) निर्णय घेणं धोक्याचं.

वर्षाला शेकडो नमुने आणि स्थिर वीज-कर्मचारी असतील तर शॉर्ट रीड. महिन्याला दहा-वीस नमुने, दूरची प्रयोगशाळा आणि नमुने बाहेर पाठवायला आठवडे लागत असतील तर नॅनोपोअर.

रीडपासून फरकाच्या आकड्यापर्यंत

आधी गाळणी: क्रॅकेनसारख्या साधनाने टीबी-कुळाची रीड किती टक्के ते बघा. ९० च्या खाली असेल तर थांबा. माणसाची रीड काढून टाका, डेटा सार्वजनिक करायचा असेल तर हे टाळता येत नाही. मग एच३७आरव्हीवर रीड बसवून फरकांची यादी. जिथे किमान १० रीड आणि ९० टक्के रीड एकाच अक्षराच्या बाजूने, ती जागा पक्की. सगळं स्वतः लिहायची गरज नाही. एमटीबीसेक किंवा स्निपी पुरतात, वंश आणि औषधप्रतिरोधासाठी टीबी-प्रोफायलर.

दूषित कल्चर कसं ओळखायचं? डेप्थचा आलेख उघडा आणि आरआरएस जनुकाकडे बघा. हे रायबोसोमचं जनुक सगळ्या जिवाणूंत सारखं असतं, आणि टीबीत त्याची एकच प्रत. सगळीकडे डेप्थ ७०-८० असताना इथे एकदम ३०० चा सुळका दिसला, तर दुसऱ्या कुठल्या तरी जिवाणूची रीड येऊन बसली आहे. तिथे सापडलेला 'औषधप्रतिरोधक बदल' मनावर घेऊ नका.

दुसरी खूण: जीनोमभर शेकडो जागी ६०-४० किंवा ७०-३० असं अक्षरांचं विभाजन. हा दोन स्ट्रेनचा मिश्र संसर्ग असेल किंवा प्रयोगशाळेतली सरमिसळ. एकाच दिवशी एकाच रॅकमध्ये हाताळलेल्या दोन नमुन्यांत शून्य फरक आला आणि त्यातल्या एका रुग्णाचा सूक्ष्मदर्शकाचा अहवाल निगेटिव्ह, त्याच्या कल्चरच्या नळ्यांपैकीही एकीतच वाढ दिसलेली, तर आधी प्रयोगशाळेवर संशय घ्या, मग रुग्णांवर. बॅचची तारीख आणि रॅकमधली जागा नोंदवलेली नसेल तर ही शंका कधीच फिटत नाही.

एसएनपी (एकेका अक्षराचे फरक) मोजायचे की सीजीएमएलएसटी? सीजीएमएलएसटी प्रत्येक जनुकाच्या रूपाला एक क्रमांक देते. टीबीसाठीच्या योजनेत २,८९१ जनुकं आहेत. प्रयोगशाळांनी आपापसात निकाल जुळवायला ती सोयीची. पण एका जनुकात दोन बदल झाले तरी ती एकच मोजते आणि जनुकांमधली मोकळी जागा बघत नाही. जिथे एकूण फरकच चार-पाच अक्षरांचा, तिथे एक गमावणं परवडत नाही. देशोदेशीची देवाणघेवाण असेल तर सीजीएमएलएसटी, साथीच्या आतला तपास असेल तर एसएनपी.

पाच आणि बारा

२०१३ मध्ये इंग्लंडच्या मिडलँड्स भागातल्या अभ्यासातून दोन आकडे रूढ झाले: पाच किंवा कमी फरक असेल तर अलीकडचा संबंध संभवतो, बारापेक्षा जास्त असेल तर जवळपास नाही. हे आकडे सगळीकडे नियमासारखे वापरले जातात. ते एका ठिकाणच्या, एका विश्लेषण-पद्धतीच्या अनुभवातून आले आहेत. तुमचा मास्क वेगळा असेल तर तुमचा पाच त्यांचा पाच नाही.

समजा, क ने ख ला २०१४ मध्ये संसर्ग दिला. क चा नमुना २०१५ चा, ख आजारी पडला २०२१ मध्ये. संसर्गानंतर एका बाजूला १ वर्ष, दुसऱ्या बाजूला ७. एकूण ८ वर्षं, अर्ध्याच्या वेगाने अपेक्षित फरक ४. पण बदल यदृच्छेने होतात. सरासरी ४ असताना ६ किंवा त्याहून जास्त येण्याची शक्यता २१ टक्के आहे. म्हणजे थेट संसर्ग असूनही अशा पाचांपैकी एक जोडी पाचाच्या नियमाने बाद होईल. सुप्त अवस्थेत जंतू किती वेगाने बदलतो यावर एकमत नाही, त्यामुळे हा हिशेबही सैल हातानेच धरायचा.

उलट बाजूही बघा. वर्षभरात क कडून ख, ख कडून ग अशी साखळी झाली तर तिघांत शून्य फरक असणं अगदी शक्य. कोणी कोणाला दिला हे तो शून्य सांगत नाही. आणि मधला ख कधी तपासलाच गेला नसेल तर क आणि ग थेट जोडलेले दिसतात.

क्लस्टर जोडतानाही सावध राहा. क-ख मध्ये ५, ख-ग मध्ये ५, ग-घ मध्ये ५: साखळीने जोडत गेलात तर क आणि घ एकाच क्लस्टरमध्ये, दोघांतला फरक १५ पर्यंत. मोठ्या क्लस्टरचा आकडा जाहीर करण्याआधी त्यातली सर्वांत लांबची जोडी किती दूर आहे ते बघा. उपचार चालू असलेल्या रुग्णात औषधांमुळे वाढलेले बदलही फरकात मिसळतात. औषधप्रतिरोधाच्या ज्ञात जागा वगळून एकदा आणि धरून एकदा मोजा. क्लस्टर बदलला तर दोन्ही आकडे लिहा. शंकेच्या ठिकाणी नुसता उंबरठा न लावता ट्रान्सफायलोसारखं, नमुना न मिळालेल्या रुग्णांची शक्यता धरणारं साधन वापरा.

नमुने किती?

अलीकडच्या प्रसाराचा वाटा काढायची रूढ रीत: क्लस्टरमधले रुग्ण वजा क्लस्टरची संख्या, भागिले एकूण. ३०० रुग्णांत ३० क्लस्टर आणि त्यांत १२० जण असतील तर (१२० − ३०) ÷ ३०० = ३० टक्के. प्रत्येक क्लस्टरमधला एक जण मूळ स्रोत धरून वजा केला.

आता समजा निम्म्याच रुग्णांचे नमुने मिळाले. दोघांच्या क्लस्टरमधले दोघेही हाती येण्याची शक्यता चारात एक. बाकीचे एकटे दिसणार, आणि एकटा म्हणजे जुना संसर्ग, असं सूत्र मानणार. आकडा खाली कोसळतो आणि अहवालात 'प्रसार आटोक्यात' असं लिहिलं जातं. म्हणूनच ३०० नमुने ८० च्या डेप्थवर वाचण्याऐवजी ६०० नमुने ४० वर वाचणं प्रसाराच्या अभ्यासात जास्त फायद्याचं. कालावधी किमान दोन-तीन वर्षांचा हवा. सहा महिन्यांच्या खिडकीत आलेल्या रुग्णाचा स्रोत खिडकीबाहेरच असतो. लहान मुलं आणि फुप्फुसाबाहेरचा टीबी यांच्यात कल्चर क्वचितच मिळतं. त्यांचा जीनोम नसला तरी त्यांची नोंद हिशेबात ठेवा.

नमुन्यासोबत लक्षणं सुरू झाल्याची तारीख, घराचं आणि कामाचं ठिकाण, आधीच्या उपचाराची माहिती घ्या. ही माहिती सहा महिन्यांनी मागून मिळत नाही. रुग्ण पहिल्यांदा नोंदवला जातो त्याच बैठकीत घ्यावी लागते. नाव वेगळ्या फाइलमध्ये, नमुन्याला फक्त संकेतांक. आणि 'याने त्याला दिला' असा बाण दाखवणारं चित्र प्रयोगशाळेबाहेर जाऊ देऊ नका. जीनोम दिशा ठामपणे सांगत नाही, पण वाचणारा बाणालाच पुरावा मानतो.

हाती काय आहे त्यावरून

फ्रीझरमध्ये वीस वर्षांपूर्वीच्या, उष्णतेने मारलेल्या कल्चरच्या नळ्या असतील तर आधी प्रत्येकीचा डीएनए क्युबिटवर मोजा. १ नॅनोग्रॅम जमत असेल तर थेट शॉर्ट रीड, नसेल तर स्पोलिगो. मिरू चालू आहे आणि निधी मर्यादित आहे? मग मिरूने जुळलेल्यांचाच पूर्ण जीनोम काढा. मिरूने वेगळे ठरवलेले बहुतेकदा वेगळेच असतात, पण एका जागेचा फरक असलेल्यांनाही सोबत घ्या, कारण तो फरक मोजणीच्या चुकीचा असू शकतो. बीजिंग घराणं जास्त असेल तिथे ही काटकसर फारशी साधत नाही. जुळलेल्यांची यादीच निम्म्या नमुन्यांची होते, त्यापेक्षा सगळेच वाचलेले बरे.

कल्चरची सोय नसेल तर सिक्वेन्सर विकत घेण्याआधी कल्चर उभं करा. मशीन बाहेरच्या केंद्रातलं वापरता येतं, डीएनए टपालानेही जातो. कल्चर आणि बीएसएल-३ मात्र जवळच लागतात. आणि सुरुवातीपासून प्रत्येक रुग्णाच्या कल्चरच्या दोन नळ्या उणे ८० ला ठेवा, एक वापरायची, दुसरीला हात लावायचा नाही. तीन वर्षांनी दोन नमुन्यांच्या लेबलांची अदलाबदल झाल्याचा संशय येतो, तेव्हा त्या दुसऱ्या नळीतूनच खात्री करता येते.